वजन नॉर्मल आहे तरी ईटिंग डिसऑर्डर असू शकतो का? आणि काउन्सेलरला जाऊन नक्की सांगायचं काय?

पाऊलवाट:
बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, आज लिहायचं ठरवलंय. वय 24, नोकरी करते, आईबाबांसोबत राहते. माझं आणि खाण्याचं काहीतरी पार बिनसलंय आणि घरात कोणालाच माहीत नाहीये. दिवसा मी एकदम कडक असते, सकाळी काहीच खात नाही, दुपारी डबा अर्धा परत आणते, ऑफिसमध्ये सगळ्या म्हणतात काय कंट्रोल आहे गं तुझा. आणि मग रात्री सगळे झोपले की सुरू होतं. उभ्याउभ्या, लाइट न लावता, जे हाताला लागेल ते, आवडतं-नावडतं काही नाही, चवसुद्धा लागत नाही, पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. नंतर स्वतःची इतकी किळस येते की मुद्दाम उलटी करते आणि ठरवते की उद्यापासून अजून कमी खायचं. आठवड्यातून तीन-चारदा तरी होतंच, वर्ष होऊन गेलं याला.

वजन मात्र नॉर्मल आहे, बघून कोणी म्हणणार नाही की हिला काही झालंय. नेटवर ईटिंग डिसऑर्डर शोधलं की सगळीकडे हाडं दिसणाऱ्या मुलींचे फोटो येतात, ते बघून वाटतं आपण कुठे आजारी आहोत, आपल्याला नुसती शिस्त नाही. काउन्सेलरकडे जावंसं वाटतं, पण तिथे बसून म्हणायचं काय, की मी रात्री चोरून खाते? ते आईबाबांना सांगतील का? पहिल्याच दिवशी वजन करायला लावतील का, याची तर सगळ्यात जास्त भीती वाटते. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

काजवा:
अगं, वर्षभर आणि आठवड्यातून तीन-चारदा, हे कमी नाहीये. डॉक्टर लोक निदानाला जे निकष लावतात, डीएसएम-5 मधले, 2013 चे, त्यात बुलिमियासाठी, म्हणजे ताबा सुटून खूप खाणं आणि मग उलटी वगैरे करून ते काढायचा प्रयत्न करणं यासाठी, सरासरी आठवड्यातून एकदा आणि तीन महिने एवढं पुरेसं धरलंय. तुला बुलिमियाच आहे असं मी इथे बसून म्हणत नाही, ते तपासणारा सांगेल, पण जायला हवं इतकं हे नक्कीच आहे. वजनाचं म्हणशील तर बुलिमिया असलेल्या बहुतेकांचं वजन नॉर्मल किंवा थोडं जास्तच असतं, म्हणूनच तर वर्षानुवर्षं घरातल्यांना पत्ता लागत नाही. अ‍ॅनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहून खूप बारीक होण्याच्या आजाराचं, नाव आणि वर्णन 1873 च्या आसपासच आलं होतं कारण तो डोळ्यांना दिसतो. बुलिमियाला वेगळा आजार म्हणून नाव मिळायला 1979 उजाडलं, लंडनच्या जेराल्ड रसेल नावाच्या सायकिअ‍ॅट्रिस्टने ते दिलं. डॉक्टरांच्याही नजरेतून इतकी वर्षं निसटला तो, तुला आरशात बघून कळत नाही यात तुझा काही दोष नाही.

मला कॉलेजपासून बुलिमिया होता, आता बरी आहे. पहिल्या भेटीत काय झालं ते सांगते. माझ्या तोंडून शब्दच फुटेना, मी फोनच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून नेल्या होत्या, तो फोनच काउन्सेलर बाईंपुढे सरकवला. तिने वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा नव्हता, आज सकाळपासून काय खाल्लंत असा होता. मी म्हटलं काहीच नाही, इथे यायचं टेन्शन होतं. तर म्हणाली मग आज रात्रीचं आपण आत्ताच ठरवूया, काय खाणार, किती वाजता, कोणासोबत. एवढंच, पहिला तास त्यातच गेला आणि मी घरी येऊन जेवले.

मग तिने एक कागद दिला, त्यावर रकाने. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, मग एक अगदी बारीक रकाना ज्यात हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं तर फक्त एक चांदणी काढायची, उलटी झाली तर त्याची खूण, आणि शेवटचा मोठा रकाना, त्या वेळी काय घडलं होतं आणि डोक्यात काय चाललं होतं. अट एकच की खाल्ल्याखाल्ल्या लिहायचं, रात्री आठवून नाही, आणि कॅलरी अजिबात लिहायच्या नाहीत. मला वाटलं याने काय होणारे. पण दोन आठवड्यांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक चांदणीच्या वर दुपारचा रकाना रिकामा आहे. आईशी भांडण झालं, बॉस बोलला, तेही होतं, पण रिकामी दुपार सगळीकडे होती. तू जे लिहिलंयस ना सकाळी काही नाही आणि दुपारी अर्धा डबा, ते वाचून मला तोच कागद दिसला.

वजन करतात, खोटं कशाला सांगू. पण भीती वाटते हे आधीच बोलून टाक. मी सुरुवातीला काट्याकडे पाठ करून उभी राहायचे, आकडा फक्त ती बघायची. नंतर आठवड्यातून एकदा तिच्यासमोर आणि घरचा काटा बंद, असं ठरलं. त्यानेच माझी रोज सकाळची धाकधूक गेली.

सरळमार्गी:
कोणाला दुखवायचं नाहीये पण मला वेगळं वाटतं. हल्ली प्रत्येक गोष्टीला डिसऑर्डर म्हणायची पद्धत पडलीय. रात्री खाण्याचं घरात ठेवूच नका, दिवसभर बिझी राहा, संध्याकाळी खूप भूक लागली तर पाणी प्या आणि फिरायला जा. मनाचा निग्रह केला की सवय मोडते. मी स्वतः असंच वजन उतरवलंय. काउन्सेलिंग वगैरे नंतर बघता येईल.

बखर:
सरळमार्गी, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतंय, पण या बाबतीत हा सल्ला उलटा पडतो, आणि का पडतो ते सांगायला मला जरा लांब लिहावं लागेल.

1944 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे कळावं म्हणून. 36 तरुण पुरुष स्वतःहून आले, तब्येतीने आणि मनाने धडधाकट आहेत हे तपासूनच निवडलेले. त्यातल्या कोणालाही खाण्याचा काही त्रास नव्हता. त्यांना सहा महिने साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं. काय झालं, तर ही माणसं दिवसभर फक्त खाण्याबद्दल बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली, काहीजण ताटातला घास न घास तासन् तास चघळत बसायचे, ताट चाटून पुसून घ्यायचे. चिडचिड, उदासपणा, मित्रमैत्रिणींत मन लागेना, थंडी वाजायची, कशात लक्ष लागेना. काहींचा नियम मोडून मध्येच खाण्यावरचा ताबा सुटला आणि नंतर त्यांना स्वतःची प्रचंड लाज वाटली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रयोग संपून पुरेसं खायला मिळायला लागलं तरी काहीजण पोट तुडुंब भरेपर्यंत खायचे आणि तरी भूक भागली असं वाटायचंच नाही, कितीतरी आठवडे, काहींचं तर महिने.

आता मला सांगा, या 36 जणांत निग्रह कमी होता का? उपाशी शरीर मेंदूला दुसरं काही सुचूच देत नाही. पाऊलवाट दिवसभर जो कंट्रोल करतेय तोच रात्रीचं सगळं घडवून आणतोय, त्यावर अजून पाणी पिऊन भूक मारली तर पुढची रात्र अजून वाईट जाणार. बुलिमियाच्या उपचारात सुरुवातीलाच दिवसभराचं खाणं बांधून देतात, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, सहसा चार तासांहून मोठी गॅप नाही, आणि रात्री काहीही झालेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करायचाच. ऐकायला किती साधं वाटतं पण जो या चक्रात आहे त्याला तो सकाळचा नाश्ता डोंगराएवढा असतो, म्हणून सोबतीला माणूस लागतो.

सगळ्यांचं मूळ डाएटिंगच असतं असंही नाही हं. घराण्यात काय आलंय, लहानपणी काय झालं, शरीरावरून कोण काय बोललं, स्वभावात परफेक्ट असण्याचा हट्ट किती, सगळं मिसळलेलं असतं. 2019 मध्ये अ‍ॅनोरेक्सियावर एक मोठा जनुकीय अभ्यास आला, त्यात डीएनएमधल्या 8 जागांशी त्याचा संबंध सापडला आणि त्यातला काही भाग तर शरीराच्या चयापचयाशी जोडलेला निघाला. तेव्हा नुसतं मनाला आवर घाला म्हणून हे भागत नाही.

चौकट:
मी पुरुष आहे, वय चाळिशीच्या आसपास, मला बिंज ईटिंग होतं. पाऊलवाटसारखंच रात्रीचं खाणं पण उलटी वगैरे नाही. मला काउन्सेलर निवडण्याबद्दल सांगायचंय कारण माझं पहिल्या ठिकाणी जमलं नाही. तिथे मी सगळं सांगितलं, रडलो पण, आणि शेवटी हातात डाएट चार्ट मिळाला, वर म्हणाले दहा किलो कमी झालं की मूड आपोआप सुधारेल. घरी येऊन त्या रात्री मी आधीपेक्षा जास्त खाल्लं. बरेच दिवस मग कुठेच गेलो नाही, वाटलं हे असंच राहणार.

दुसऱ्या वेळी आधी फोनवरच विचारलं, तुम्ही ईटिंग डिसऑर्डरच्या पेशंटसोबत काम केलंय का, कोणत्या पद्धतीने करता, आणि वजन कमी करणं हे तुमचं पहिलं टार्गेट असतं का. ज्यांच्याकडे आता जातो त्या बाई म्हणाल्या आधी बिंज थांबवू, वजनाचं नंतर बोलू. तिथेच मला जरा धीर आला. तर असे प्रश्न विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आणि एखाद्याशी सूर नाही जुळला तर त्या माणसाला बदला, उपचार सोडू नका.

आणि पुरुषांनो, कोणी वाचत असाल तर, हे बायकांचं दुखणं आहे असं समजून गप्प बसू नका. मी कितीतरी वर्षं तसा बसलो होतो.

उंबरठा:
मी एका मुलाचा बाप आहे. त्याला 15 व्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया झाला होता. तुझी गोष्ट वेगळी आहे बाळा, पण तू आईबाबांबद्दल विचारलंयस म्हणून लिहितोय.

आमच्याकडे जी थेरपी झाली ती कुटुंबाला धरून करायची होती, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकात ती तयार झाली. लहान वयाच्या मुलांसाठी आहे ती, त्यात सुरुवातीला खाण्याची सगळी जबाबदारी आईवडिलांनी घ्यायची आणि मग हळूहळू मुलाच्या हातात परत द्यायची. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं की हा कोणाचा दोष नाही, मुलाचा नाही आणि तुमचाही नाही, आजार वेगळा आणि मुलगा वेगळा. ते वाक्य मला फार उपयोगी पडलं, कारण जेवणाच्या टेबलावर तो ओरडायचा तेव्हा मी स्वतःला सांगायचो की हा आजार बोलतोय.

तू 24 ची आहेस, तुझ्या हातातून जबाबदारी कोणी काढून घ्यायची गरज नाही. पण घरातल्या एका तरी माणसाला माहीत असेल ना तर जेवणानंतरचा तास सोपा जातो. आमच्याकडे जेवण झालं की मी आणि तो पत्ते घेऊन बसायचो. बोलायचं काहीही, फक्त खाण्याबद्दल आणि अंगाबद्दल नाही. तो तास सरला की त्याची घालमेल कमी व्हायची. आईला सांगताना सगळं नको सांगूस वाटल्यास, एवढंच सांग की मला खाण्याचा त्रास होतोय, मी डॉक्टरकडे जातेय, आणि मला रात्री जेवल्यावर थोडा वेळ तुझ्यासोबत बसायचंय. आणि बारीक झालीस, तब्येत छान झाली असलं काही म्हणू नकोस हेही सांग, आम्हा मोठ्यांना ते कौतुक वाटतं पण ऐकणाऱ्याला किती लागतं ते कळत नाही.

ओलावा:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे निदान करणार नाही, पण पाऊलवाट, तुमच्या शंकांची उत्तरं देते.

आईवडिलांना सांगतील का, तर तुम्ही सज्ञान आहात, तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. अपवाद असतो तो जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि हे अपवाद कोणते ते काउन्सेलरने पहिल्या भेटीतच सांगायला हवेत. नाही सांगितले तर तुम्ही विचारा.

काय म्हणायचं, तर तुम्ही वर जो पहिला परिच्छेद लिहिलाय तोच. त्यात आम्हाला हवं ते जवळजवळ सगळं आहे, दिवसा काय खाता, रात्री काय होतं, किती वेळा, किती दिवसांपासून. मी तो प्रिंट करून न्या म्हणेन. त्यात एकच भर घाला, स्वतःला संपवावंसं किंवा इजा करावीशी कधी वाटतं का. वाटत असेल तर ते न लपवता सांगा, आणि तसं तीव्र वाटायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच जवळच्या माणसाला सांगा, हेल्पलाइनला फोन करा किंवा हॉस्पिटलमध्ये जा. खाण्याच्या आजारांत हे विचार बऱ्याच जणांना येतात.

उपचाराचं म्हणाल तर मोठ्या माणसांच्या बुलिमियासाठी सगळ्यात जास्त पुरावा सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या टॉक थेरपीच्या, एका खास प्रकाराला आहे, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी तो विकसित केला, काजवा यांनी सांगितलेला रकान्यांचा कागद त्यातलाच. साधारण 20 आठवड्यांत 20 सेशन्स असं त्याचं स्वरूप असतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर याच पद्धतीवरचं सेल्फ-हेल्प, पण कोणाच्या तरी देखरेखीखाली, हे आधी करून बघा आणि चार आठवड्यांत फरक नाही पडला तर प्रत्यक्ष थेरपी, असं सांगितलंय. कधीकधी सायकिअ‍ॅट्रिस्ट फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळीही सोबत देतात, गोळी एकटी सहसा पुरत नाही. एक गोष्ट मुद्दाम सांगते, तुम्ही फक्त उदास वाटतं म्हणून कुठे गेलात आणि उलट्यांचं बोलला नाहीत तर घोटाळा होऊ शकतो, कारण डिप्रेशनसाठी वापरलं जाणारं ब्युप्रोपियॉन हे औषध बुलिमिया असलेल्यांना देत नाहीत, त्याने फिट येण्याचा धोका वाढतो.

उलटीबद्दल बऱ्याच जणांचा समज असतो की खाल्लेलं सगळं निघून गेलं. तसं होत नाही, बरंचसं शरीरात गेलेलंच असतं. आणि नंतर काढून टाकता येईल या खात्रीमुळे पुढच्या वेळी आवर आणखी सुटतो. वरून गालाजवळच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, चेहरा भरलेला दिसतो, आणि आपण जाड झालो म्हणून माणूस आणखी कमी खातो. दातांचंही बघा, उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, पोटातल्या अ‍ॅसिडने मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं, साध्या पाण्याने चूळ भरा.

आणि काउन्सेलिंगच्या आधी किंवा सोबत एका फिजिशियनला भेटा. वजन नॉर्मल असलं तरी उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. ब्लड टेस्ट आणि ईसीजी, एवढ्यात बरंच कळतं.

पाऊलवाट:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, कालपासून हे किती वेळा वाचलं. बखर, ते मिनेसोटाचं वाचून मी खरंच रडले, मला कायम वाटायचं की दिवसाची मी चांगली आणि रात्रीची मी वाईट, आणि हे दोन्ही एकच चालू आहे हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. आज सकाळी नाश्ता केला. अर्धा झाला, पण केला.

चौकट यांनी सांगितले ते प्रश्न विचारून एका काउन्सेलरची वेळ घेतलीय, गुरुवारची. त्यांनी फोनवर सांगितलं की त्यांनी यावर काम केलंय आणि वजनाचं आपण बोलून ठरवू, पहिल्या दिवशी करायलाच हवं असं नाही. आईला अजून सांगितलं नाहीये, उंबरठा काका, पण तुमचं ते वाक्य फोनमध्ये सेव्ह केलंय, गुरुवारनंतर सांगेन असं ठरवलंय.

ओलावा मॅडम, एकच विचारायचं होतं. मधूनमधून पायात गोळे येतात आणि कधीकधी छातीत धडधडतं, ते टेन्शनमुळे असेल असं वाटायचं. फिजिशियनकडे पुढच्या आठवड्यात गेलं तर चालेल का?

ओलावा:
नाही, पुढचा आठवडा नको, आजच जा. टेन्शनमुळेही असू शकतं, पण उलट्या होणाऱ्या माणसाला गोळे आणि धडधड असेल तर पोटॅशियम बघितल्याशिवाय तसं समजायचं नाही. डॉक्टरांना उलट्यांचं स्पष्ट सांगा, नाहीतर ते थकवा समजून व्हिटॅमिन लिहून देतील. सांगायला जड जात असेल तर काजवा यांच्यासारखं फोनवर लिहून समोर धरा. पोटॅशियमच्या गोळ्या दुकानातून स्वतःहून आणून घेऊ नका, जास्त झालं तरी तेवढंच धोक्याचं असतं. आणि चक्कर आली, शुद्ध हरपल्यासारखं वाटलं, धडधड थांबेना किंवा उलटीत रक्त दिसलं तर सरळ इमर्जन्सीमध्ये जा, रात्र असली तरी, आणि आईला उठवा.

पाऊलवाट:
ओके. ऑफिसमधून लवकर निघतेय, घराजवळच्या डॉक्टरांकडे पाचची वेळ मिळालीय. रिपोर्ट आले की लिहिते.